कापसातले खळगे

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत. सकाळी आल्यावर हात धुवायचे, एकेका पिंजऱ्यातलं कापसाचं घरटं चिमट्याने उलगडायचं आणि उंदरांची पिल्लं तपासायची, हे तिचं काम. नरांना एका रसायनाची वाफ दिली होती. त्यांच्या बीजपेशींत बिघाड झाला असेल, तर तो पिल्लांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांनी उमटणार होता. त्याच रसायनाच्या कारखान्यात, मिसळणीच्या खोलीत, तिचा धाकटा भाऊ कित्येक वर्षं राबत होता.

थोडी वाफ घेतलेल्या नरांची काही पिल्लं ठिपक्यांची निघाली. जास्त घेतलेल्यांची त्याहून अधिक. सर्वांत जास्त घेतलेल्यांना मात्र मोजकीच पिल्लं झाली, आणि ती एकजात स्वच्छ.

"विष वाढलं की बिघाड वाढायला हवा. इथे तर गायब," सर म्हणाले. "म्हणजे आधीचे ठिपके योगायोगाचे. रसायन निर्दोष. करा अहवालावर सही."

"सर, बिघडलेल्या पेशी मरून गेल्या असतील. वाचलेल्या धडधाकट पेशींनीच पुढे वंश चालवला. आपण फक्त वाचलेल्यांना मोजतोय."

"मग मेलेल्यांचे ठिपके कसे मोजायचे? तुम्ही म्हणजे ना ताई, न आलेल्या पाहुण्यांची ताटं मांडता."

तिला हसू आलं. पण सही न करताच ती पिंजऱ्यांकडे परतली.

शेवटच्या, सर्वांत जास्त वाफेच्या रांगेतलं घरटं तिने उलगडलं. दोन पिल्लं एका कडेला चिकटून झोपली होती. मधल्या कापसात बोटाच्या पेराएवढे खळगे होते, नीट दाबलेले, ओळीने. शेजारच्या घरट्यातही तसेच. मादी आली, पिल्लांना ओलांडून गेली आणि खळग्यांवर पोट टेकून पसरली. पाजताना पसरते तशी.

ताईने तिला हळूच सारून एका खळग्यात बोट घातलं. कापूस उबदार होता. मादीच्या अंगाची ऊब, तिने स्वतःला बजावलं. बोटाखाली काहीतरी बारीक धडधडत होतं. आपलीच नाडी असणार.

तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, आत्या झालीस. मुलगी. डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलंय. ठणठणीत आहे."

"मग रडतोस कशाला?"

"कोण रडतंय? सर्दी झालीय."

लग्नानंतर किती वर्षं भाऊ-भावजय दोघं या एका बातमीसाठी झुरली होती. जिना उतरताना ताईच्या उरावरचा धोंडा उतरला. रसायन निर्दोषच असणार. उद्या सही करून टाकू.

दवाखान्याच्या खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. भाऊ औषधं आणायला गेला होता. भावजय झोपली होती आणि बाळ पलंगाच्या अगदी कडेला होतं. पडेल म्हणून ताईने ते मध्ये आणलं.

बाळ कळवळून रडायला लागलं.

तिने त्याला परत कडेला ठेवलं. ते गप्प झालं.

मग तिला चादर दिसली. मधल्या मोकळ्या जागेत खळगे होते, ओळीने.

भावजयीचे डोळे मिटलेलेच होते. हात तेवढा हलत होता. एका खळग्यावर थोपटून झालं की तो पुढच्यावर सरके. शेवटी तो बाळापर्यंत आला, त्यालाही तेवढंच थोपटलं आणि परत पहिल्याकडे वळला.