दफ्तर हललं त्या दिवसांत

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात आमचा दफ्तरखाना जामबागेतून बरकतपुऱ्याला हलला. आदल्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले होते. नव्या कचेऱ्यांना जागा हवी होती, आणि जुन्या कागदांइतकं निमूटपणे जागा सोडणारं दुसरं कोण असणार?

आमच्याकडे शहरातल्या मोहल्ल्यांचे घरनकाशे होते. कुणाची भिंत कुठं संपते, कुणाच्या मोरीचं पाणी कुठून जातं, सगळं त्यात काढलेलं. लाल फडक्यात बांधलेले हे गठ्ठे बंडीवर लादून येत. त्यांना खळीचा नि वाळवीच्या औषधाचा वास यायचा. बरकतपुऱ्याचं भाड्याचं घर दुमजली, हवेशीर होतं. वरच्या दिवाणखान्यात आम्ही घडवंच्या लावल्या.

मराठी नोकरांना मुंबई राज्यात जायची मुभा होती. मी गेलो नाही. माझी बायको कमल चिक्कडपल्लीत जन्मली, तिथंच वाढली, आणि लग्नानंतर मीच तिथं राहायला गेलो होतो. तिनं साफ सांगितलं होतं, "तुम्हाला जायचं तर जा. मी इथली."

सगळ्यात आधी इमलीवाल्या गल्लीचा गठ्ठा आला, त्या संध्याकाळी मी खिडक्या लावत होतो. जिन्यात वहाणा काढल्याचा आवाज आला. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वर आले, हातात भाजीची पिशवी. माझ्याकडं न बघता ते एका घडवंचीपाशी गेले, तिच्या कोपऱ्याला टोपी अडकवली आणि म्हणाले, "सुशीला, पाणी दे गं."

मी विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

ते दचकले. टोपीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"माफ करा. मी एकनाथराव. निवृत्त शिक्षक. इमलीवाल्या गल्लीत राहतो." कपाळावर घाम आला होता. "घरी निघालो होतो हो. नेहमीच्याच रस्त्यानं."

वय झालंय, असं मी मनाशी म्हटलं. आमचा शिपाई खाजा त्यांना टांग्यात बसवून पोचवून आला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी त्यांच्या पत्नी सुशीलाबाईही बरोबर होत्या. त्यांच्या मागून मालनबाई नावाची फुलं विकणारी बाई आली, तीही त्याच गल्लीतली. तिनं घडवंचीखाली बैठक मारली आणि उरलेल्या फुलांवर पाणी शिंपडू लागली. थोड्या वेळानं हात थांबला.

"माझी चूल कुठं गेली, दादा?" तिनं मला विचारलं. भांडण नव्हतं त्यात. खरंच विचारत होती.

खाजा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, कल कौनसी गल्ली का गठ्ठा आया था?"

"त्याचा काय संबंध?" मी म्हणालो. मी कायदा शिकलेला माणूस. असल्या गोष्टी ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. पण त्या घडवंचीवरची चिठ्ठी मी वाचली होती: इमलीवाली गल्ली.

तिघांना घेऊन मी स्वतः गेलो. गल्ली जागच्या जागी होती. दारं सताड उघडी, चुली पेटलेल्या, कुठंतरी भात करपल्याचा वास. माणसं मात्र दाराबाहेर उभी होती, पाहुण्यासारखी, कुणी आत बोलावतंय का याची वाट बघत.

एकनाथराव एका निळ्या दारापुढं थांबले. दारावर त्यांच्याच नावाची पाटी होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"माझ्याच नावाचा कुणी दिसतो," ते म्हणाले. "चांगली माणसं असावीत. पण दार उघडं टाकून गेलीत बघा."

सुशीलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं नि मला हळूच म्हणाल्या, "चला ना आता. घरी उशीर होतोय."

मी त्यांना तिथंच सोडून आलो. दुसरं काय करणार होतो?

रात्री घरी चिक्कडपल्लीचा गठ्ठा डोक्यातून जाईना. सकाळी लवकर कचेरीत जाऊन खाजाला म्हणालो, "चिक्कडपल्लीचा गठ्ठा आणू नको. जामबागेतच राहू दे. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

त्यानं हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"वो तो गया, साब."

"कुठं गेला?"

"औरंगाबाद. मराठी कागदां के साथ. काचीगुड्याकू भेजे, शाम की गाडी है."

चिक्कडपल्लीचे नकाशे काढणारा मराठी होता, कडेच्या नोंदी मोडी लिपीत होत्या. तेवढ्यावरून कुणीतरी ते औरंगाबादेला पाठवायच्या ढिगात घातले होते. परत मागवायला वरचा हुकूम हवा होता. तो मिळवायला दिवस गेला. मिळाला तेव्हा उन्हं कलली होती.

कागद खिशात घालून मी काचीगुडा स्टेशनावर धावलो.

पार्सल कचेरी फलाटाच्या टोकाला. तिकडं जाताना बाकावर कमल दिसली. अंगावर घरातली साडी, पायात घरातल्या चपला, हाताला कणीक लागलेली. तिच्यापलीकडं आमच्या शेजारच्या पद्मावतीबाई. पुढच्या बाकावर कोपऱ्यावरचा न्हावी, दूधवाला, डॉक्टरांची आई. सगळी चिक्कडपल्ली शांत बसली होती. कुणाकडंच सामान नव्हतं.

"कमल, तू इथं कशी?"

"आलात? बरं झालं. मला वाटलं, चुकामूक होते."

"घरी चल."

"घरीच निघालेय ना." तिनं सरकून मला जागा केली.

गाडी लागली. पार्सलच्या डब्यापाशी हमालांनी लाल गठ्ठे उचलले. मला ओरडायचं होतं. हुकमाचा कागद खिशातच होता, त्याच्यावर हात होता माझा. पण दिवसभर उन्हात फिरलो होतो. पाय दुखत होते.

मी बसलो.

औरंगाबाद आम्ही दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं.

"स्टेशनातून बाहेर पडलं की डावीकडं," कमल म्हणाली. "मग पिठाच्या गिरणीवरून पुढं."

"गिरणीच्या अलीकडं वळायचं," मी म्हणालो. "पुढं गेलं की गल्ली चुकते."