पाण्याला नाव सांगू नये

पहिल्याच भेटीत मयुरीने त्याचं तोंड दाबलं होतं. अगदी खरोखर, मासळीचा वास असलेल्या ओल्या हाताने.

मे महिना. सावळखेड्याचा तलाव आटून निम्म्यावर आला होता आणि मधोमध लढाईच्या काळात पडलेल्या विमानाचं शेपूट उघडं पडलं होतं. ते बाहेर काढून पुन्हा उभं करायला अनुप नागपूरहून आला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो क्रेनवाल्याला हाका मारत होता, "बाबाराव! ओ बाबाराव!" तेवढ्यात मागून हा हात आला.

"चूप! पान्यात उभं राहून कोनाचं नाव घेतेत का?"

"काऊन?" हात बाजूला झाल्यावर तो म्हणाला. मुलगी रागावलेली होती आणि रागात फारच छान दिसत होती. "मग हाक कशी माराची?"

"ओ टोपीवाले म्हना, ओ क्रेनवाले म्हना. नाव नाई."

ती मच्छीमार सोसायटीची सेक्रेटरी, वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. अनुपला हसू आलं. "बी.एस्सी. होऊन असं मानतेस?"

"बी.एस्सी. वर्ध्याची. पानी इथलं हाय."

मग तिने सांगितलं. विमान पडलं तेव्हा तिची धुरपताआजी आठ वर्षांची होती. विमानात दोघं होते. एक पोहून काठाला लागला आणि दिवसभर दोस्ताच्या नावाने हाका मारत बसला. दोस्त काही वर आला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पाण्यातून त्याच्याच नावाची हाक आली, दोस्ताच्या आवाजात. तो हसतच उठला आणि बुटांसकट चालत आत गेला. "तवापासून तलावाले हाक माराले येते," आजी अजून सांगे. "ज्याचं नाव आयकलं, त्याले बोलावते."

अनुपने मान डोलावली, विश्वास काही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गावात चहा पीत होता आणि बाबाराव छातीभर पाण्यात सापडला, चपलांसकट. "साहेब, तुमीच तर बोलावून राह्यलते!" म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने विमान काठावर काढून दिलं आणि जो पुलगावला गेला तो परत फिरकला नाही.

ट्रक यायला आठ दिवस होते. ऐंशी वर्षं पाण्यात राहिलेला पत्रा एकदम वाळला तर पांढरी भुकटी होतो, म्हणून विमानावर गोणपाटं टाकून ती सारखी भिजवावी लागत. वर्ध्याच्या उन्हात ते एकट्याचं काम नव्हे. मयुरी सोसायटीतर्फे आली… निदान पहिल्या दिवशी तरी सोसायटीतर्फेच.

"माझं नाव माहीत आहे ना तुले?" बादली देताना तो विचारी.

"माहीत हाय."

"मग घे ना एकदा."

"नाव घ्याले मी काय तुमची—" ती थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझी काय?"

"…बादली द्या इकडं."

"मग तुझी आजी आजोबांना कशी बोलवे?"

"'आयकलं का जी?' पन्नास वर्सं हेच. नाव एक डाव नाई घेतलं. म्हनून बुढा खाटेवर मेला, पान्यात नाई."

दोघं हसले. पण हसता हसता मयुरीची नजर विमानातल्या मागच्या सीटकडे गेली. तिथे तिने आज पाणी टाकलंच नव्हतं. बाकीची गोणपाटं वाळली होती, आणि त्या रिकाम्या सीटवरून मात्र पाणी टपटपत होतं. ती अनुपच्या थोडी जवळ सरकली. तोही बाजूला झाला नाही.

आठव्या दिवशी गाळात राहिलेला विमानाचा पंखा काढायला अनुप हवेची टाकी पाठीला बांधून उतरला. कमरेला दोरी, दोरीचं टोक मयुरीच्या हातात. बायका काठावर जाळी विणत बसल्या होत्या, धुरपताआजीही त्यांत होती.

दोरी सैल पडली. तिने ओढली, तर नुसतीच आली, गाठ नीट सोडलेली. वर येणारे बुडबुडेही थांबले.

नावाने हाक मारली तर ती ऐकून आज वर येईल, आणि उद्या हीच हाक त्याला घेऊन जाईल. पण उद्याचं उद्या! हा माणूस तिला हवा होता, आत्ता, जिवंत.

"अनुप! अनुप! अनुऽऽप!"

पाणी फुटलं आणि तो वर आला, पांढराफटक. "खाली कोणीतरी हात धरला," तो धापा टाकत म्हणाला. "'ये, बस' म्हणत होतं… फार प्रेमाने. गाठ मीच सोडली. मग तुझा आवाज आला."

"नाव घेतलं वो पोरीनं!" बायका खिदळल्या. धुरपताआजी तेवढी हसली नाही. "पान्यानं बी आयकलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला विमान ट्रकवर चढलं. बांधावरून मयुरी पाहत होती. निघून जाईल आता, आणि आपण साधं 'थांबा' म्हणू शकलो नाही, याचं तिला रडू येत होतं. अनुप शेवटची दोरी आवळत होता.

"अनुप… थांब ना रे. ये ना…"

आवाज तिचाच होता. आला मात्र पाण्यातून. आठ दिवस जे तिच्या ओठांवर येऊन परत गेलं होतं, ते तलाव बोलत होता.

अनुपने दोरी सोडली. चेहऱ्यावर हसू घेऊन तो पाण्याकडे चालू लागला.

"अनुप!" ती ओरडली. पाण्यानेही तसंच म्हटलं, जास्त गोड. तो क्षणभर घुटमळला… आणि पुढे निघाला. पाणी पायाला लागलं. नावाने आता त्याला परत आणता येणार नव्हतं.

मयुरीने डोळे गच्च मिटले. लाज सोडली आणि छाती फोडून हाक मारली, "आयकलं का जीऽऽ!"

तो थांबला. वळला. पाणी तुडवत, धडपडत बांध चढून तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"आयकलं," तो कसाबसा म्हणाला. त्याचे हात थंडगार होते, तिने ते आपल्या हातांत धरले. "फिरून म्हण ना."

"घाई काय हाय?" ती रडत रडत हसली. "आता जन्मभर तेच म्हनाचं हाय."

खाली तलाव अंधार पडेपर्यंत तिच्या आवाजात त्याचं नाव घेत राहिला. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.