शनीला ढील

हवेत तरंगणारी, वजनच नसलेली वस्तू हातात धरायची कशी? या कोड्यापायी माझे आबाजी, म्हणजे आजोबा, पार वैतागले होते.

नागपुरातल्या एका छोट्या विज्ञान केंद्रात त्यांनी ग्रहांचं दालन उभारलं होतं. चष्मा घातला की रिकाम्या खोलीत गुरू, शनी फिरू लागत. याला संवर्धित वास्तव (खऱ्या जागेत दिसणारी आभासी दृश्यं) म्हणतात. ग्रह जवळ आणायला चिमूट, दूर न्यायला उघडा तळवा, अशा खुणांचा भलामोठा तक्ता भिंतीवर होता. मुलं गोंधळत, हात दुखले की चष्मा काढून कॅन्टीनकडे पळत. रविवारपर्यंत असंच चाललं, तर दालन बंद होणार होतं.

"शिकायलाच नको कोणाला," आबाजी चिडून म्हणत. चूक मुलांची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मी तेव्हा पाचवीत होते. त्या संध्याकाळी चष्मा घातला, तर शनी छताच्या कोपऱ्यात. तक्ता बघायचा मला कंटाळा. मी सरळ दोन्ही हातांनी हवाच खेचू लागले.

"काय करून राहिलीस, ऋजुता?"

"खेचून राहिली न, आबाजी. संक्रांतीला पतंग खेचायला तुम्हीच तर शिकवलं."

संक्रांतीला त्यांची चक्री, म्हणजे मांजा गुंडाळलेली फिरकी, मीच धरली होती. आबाजी खुर्चीत बसले.

"लहानपणी मनोहर धरायचा माझी चक्री. धाकटा भाऊ माझा. पतंग दिसेनासा झाला, तरी वर काय चाललंय ते मांजावरून कळायचं. ते सगळं विसरून मी तक्ते लिहीत बसलो, बघ."

आम्ही तक्ता उतरवला. आबाजींनी प्रत्येक ग्रहाला न दिसणारा मांजा जोडला. खेचला की ग्रह जवळ, ढील दिली की दूर.

"पण धरला की नाही, समजतच नाही," मी कुरकुरले.

मग आबाजींनी बोटात घालायला एक अंगठी दिली; मांजा धरला की तिच्यात हलकी थरथर येई. हा स्पर्शप्रतिसाद (आपली कृती पोचल्याची हाताला मिळणारी खूण). हाताला आधीच येतं तेच त्याच्याकडून मागायचं आणि लगेच उत्तर द्यायचं, एवढीच ती युक्ती.

रविवारी वाचताही न येणाऱ्या एका चिमुरडीने शनी थेट नाकापर्यंत खेचून आणला. दालन वाचलं.

आबाजी आता नाहीत. दालन मी सांभाळते. हल्लीची कितीतरी मुलं पतंग उडवत नाहीत, त्यांचे हात दुसरंच काही शिकून येतात. म्हणून मी त्यांच्या मागे उभी राहून हात बघते. त्यातूनच पुढची युक्ती सुचेल.

दिवे मालवण्याआधी शनीला भरपूर ढील देते. अंगठी थरथरते. आबाजींची फार आठवण येते, आणि वाटतं, पतंग त्यांचाच आहे, मी फक्त चक्री धरून उभी आहे.