धोंड्याचा जावई खाजकुयलीच्या ओढ्यात

मोहिमेचं उद्दिष्ट एकच होतं. दिवस भरलेली चंद्री गाय भटक्या कुत्र्यांच्या आधी शोधून काढायची! अक्कलकोटजवळच्या वस्तीवरून ती सकाळी पसार झाली होती. व्यायला आलेली गाय अडचणीची जागा धरते, तेव्हा ती ओढ्यातच असणार हे तिच्या मालकीणबाईंनी, गिरिजाबाईंनी ओळखलं. काठी घेऊन त्या पुढे निघाल्या, मागून त्यांची लेक दिपाली आणि जावई गुरु.

अधिक महिना, म्हणजे जावयाच्या मानपानाचा महिना. धोंड्याचं जेवायला गुरु आदल्या दिवशीच सोलापुरातून आला होता. सकाळी मोबाइलला रेंज शोधत फिरताना गोठ्याचं फाटक आपणच उघडं टाकलं, हे मात्र त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे शोधायचा उत्साह त्यालाच सगळ्यांत दांडगा होता.

ओढ्याच्या तोंडाशी वेड्या बाभळी माजल्या होत्या. सासूबाईंनी मानात दिलेली कोरी सोलापुरी चादर गुरु खांद्यावर टाकूनच निघाला होता; काटे लागू नयेत म्हणून ती त्यानं अंगाभोवती गुंडाळली. गिरिजाबाईंनी वेलींवरच्या वाळक्या, तपकिरी लव असलेल्या शेंगा दाखवल्या. ही खाजकुयली आहे, चादर तिची सगळी कुसं उचलून घेईल, असं त्यांनी बजावलं. आपण बरेच ट्रेक केलेत, असं गुरुनं नम्रपणे कळवलं आणि त्यांना मागे टाकून आत मुसंडी मारली.

शंभर पावलं गेला असेल नसेल, मान चुरचुरली. घाम आला म्हणून त्यानं चादरीच्या टोकानं तोंड पुसलं. आई गं! गालांवर, कानांवर, मानेवर आग पसरली. खाजवावं तर दुप्पट! मागोमाग आलेल्या दिपालीनं परत फिरायला विनवलं, पण रिकाम्या हातांनी फिरायचं कोणत्या तोंडानं? गाईचं काही बरंवाईट झालं तर तो स्वतःला कधीच माफ करू शकणार नव्हता.

तेवढ्यात गुरगुर ऐकू आली. जाळीत चंद्री उभी, पायांशी ओलं वासरू आणि समोर तीन कुत्री! गुरु धावला. चादर सोडली. गरकन फिरवली आणि पुढच्या कुत्र्यावर फेकली! कुत्रं गुरफटलं, धडपडत सुटलं आणि नाक वाळूत घाशीत केकाटत पळालं. उरलेली दोन त्याच्या मागे!

विजयाची आरोळी ठोकायला गुरुनं तोंड उघडलं आणि तिथंच तो खाजेनं गडाबडा लोळू लागला.

मागून आलेल्या गिरिजाबाईंनी आधी वासराचं नाकतोंड पदरानं पुसलं. मग जावयाला सदरा काढायला लावला आणि चंद्रीचं ताजं शेण त्याच्या कपाळापासून फासायला घेतलं. खाजकुयलीवर वस्तीचा हाच उपाय. सासूसमोर उघडं बसताना गुरुला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हळूहळू आग निवली. मग मात्र त्याला राहवेना.

"मामी, फाटक मीच उघडं टाकलं होतं."

"ठावं हाय की," गिरिजाबाई म्हणाल्या. "सकाळीच वळखलं मी. पर धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलायचं कसं?"

आणि त्यांनी आणखी एक गोळा उचलून त्याच्या दोन्ही गालांवर चांगला रगडून फासला. दिपाली वासरामागे तोंड लपवून हसत होती.

"मामी, तिथं आता खाजत नाही."

"असू द्या," गिरिजाबाई म्हणाल्या.