बास म्हणणारं कोणीतरी

त्या दुपारी चिमणी फक्त लाकूड चिकटवायचा सरस आणायला बाहेर पडली होती. हार्डवेअरवाल्याकडून सरसाच्या दाण्यांची पिशवी घ्यायची, वाटेत कुणाशी गप्पा मारत उभं राहायचं नाही, आणि घरी येऊन गिटारचं पोट एकदाचं बंद करून टाकायचं, एवढाच बेत होता. हा बेत ती कितीतरी दिवस रोज करत होती आणि रोज काहीतरी सबब काढून पुढे ढकलत होती. आज सरस संपलाय ही सबब होती. पिशवी हातात आल्यावर तीही उरली नाही.

चिमणी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी आत्याने ठेवलं आणि मग गल्लीभर तेच झालं. आत्या गिटारी घडवायची. कारखान्यातल्यासारख्या ढिगाने नाही, एकेक, हाताने, आणि त्याही फक्त बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी. प्लॅस्टिकचं पिक घेऊन तारा खरवडणारा कोणी दारात आला की आत्या त्याला पाणी द्यायची, गोड बोलायची आणि दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगायची. "बोटांनी वाजवणारा गिटारशी बोलतो," ती म्हणायची, "ही मंडळी तिच्यावर खेकसतात."

घराला रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कामाचं टेबल, भिंतीवर पटाश्या आणि रंधे. आतल्या खोलीत फक्त एक वेताची खुर्ची, तीही भिंतीकडे तोंड करून. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, जाड पडदा होता. आतल्या खोलीला घरात ऐकायची खोली म्हणत.

त्याचं असं की गिटारची वरची फळी म्हणजे तिचा गळा. फळीच्या पोटाला आतून बारीक पट्ट्या चिकटवतात. त्या पट्ट्या जाड राहिल्या तर गिटार मुकी, फार तासल्या तर तारांच्या ओढीने फळी खाली बसते. ही मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, कानांनाच कळते. बोटाच्या पेराने फळीवर ठोकायचं आणि ऐकायचं. पण आत्याचा एक नियम होता. जो ठोकतो त्याने ऐकायचं नाही. स्वतःच्या हाताचं कौतुक स्वतःच्या कानाला फार असतं, असं तिचं म्हणणं. म्हणून चिमणी बाहेर ठोकायची, आणि आत्या आत खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून. पडद्याआडून दोनच शब्द यायचे. "अजून" म्हणजे पट्ट्या आणखी तासायच्या. "बास" म्हणजे बास.

तरी आत्याचं बास कधीच पुरतं बास नसायचं. बास म्हणून झालं की ती खुर्चीतून उठायची, वेत करकरायचं, पडदा बाजूला सारून ती बाहेर यायची आणि आपल्या लहान पटाशीने एक, फक्त एक सालपट काढायची. "हा माझा," म्हणायची. त्या पटाशीच्या धारेला बारीक खाच पडलेली होती, त्यामुळे आत्याच्या हातचं सालपट मधोमध चिरलेलं निघायचं. चिमणी तिला चिडवायची, "आत्या, आधी स्वतःच्या पटाशीला धार लाव, मग लोकांच्या पट्ट्या तास." आत्या हसायची आणि धार काही लावायची नाही.

आत्याला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. पटाशीला धार चिमणीनेच लावली, खाच पार निघून जाईपर्यंत दगडावर घासली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. आतल्या खोलीत मात्र ती जात नव्हती. पडदाही तिने धुतला नव्हता.

अशात सिस्टर आल्या. नाव कोणी विचारलं नाही, सारा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलेल्या, त्यामुळे सगळ्यांच्या सिस्टरच. रात्रपाळी संपली की घरी जाऊन गिटार घेऊन बसायच्या. मग आजारपण आलं आणि उजव्या हातातली ताकद गेली. बोटं हलत होती, पण नुसती हलत होती.

"दुकानातल्या सगळ्या गिटारी वाजवून बघितल्या गं," त्या म्हणाल्या. "एकही उत्तर देत नाही. माझी बोटं आता कुजबुजतात फक्त. तेवढ्याला ओ देणारी मिळेल का?"

चिमणीने हो म्हटलं. एवढ्या हलक्या बोटांना ओ देणारी गिटार म्हणजे फळी अगदी कडेलोटापर्यंत न्यायला हवी. आत्याने निवडून ठेवलेल्या फळ्यांपैकी एकच शेवटची उरली होती. आणि भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी, फळी खाली बसलेली एक जुनी गिटार आत्याने मुद्दाम टांगून ठेवली होती, जास्त तासलं की काय होतं ते विसरू नये म्हणून. चिमणीने मनाशी ठरवून टाकलं होतं, ही गिटार साधली तर ठीक, नाहीतर खोल्यांना कुलूप लावायचं. आत्याशिवाय आपल्याला हे येत नाही, हे एकदा कळलं की सुटलो.

नवऱ्याला तिने पडद्याआड चटईवर बसवून पाहिलं होतं, आत्याच्या खुर्चीला त्याने हात लावला नाही. तो बसचा ड्रायव्हर, कान इंजिनाला सरावलेले. ती ठोकायची आणि तो आतून म्हणायचा, "छान!" पुन्हा ठोकलं की पुन्हा, "हेही छान!" शेवटी आतून घोरणं ऐकू आलं.

तर त्या दुपारी ती सरस घेऊन आली. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता, आणि वीज गेलेली. नवरा ड्युटीवर. तिने खिडकीजवळच्या उजेडात फळी कडेला धरून उचलली आणि सवयीने पेराने ठोकलं. टक. टक. टक.

"अजून."

तिला आधी काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं ऐकलेला शब्द, हात आपोआप पटाशीकडे गेला. मग हात हवेतच थांबला.

पडदा हलत नव्हता. घरात कोणी नव्हतं. तिने श्वास धरून ऐकलं. आतून वेताची करकर आली, बसल्या जागी कोणी जरा सावरून बसावं तशी. आणि निलगिरीचा वास. आत्याची बोटं थंडीत आखडायची, ती पेरांना निलगिरीचं तेल चोळायची.

"आत्या...?"

खूप वेळाने तिने सगळं बळ एकवटून पडदा सारला. खुर्ची रिकामी होती. बैठकीवर वर्षभराची धूळ होती, बोट न लागलेली.

शहाण्या माणसाने त्या क्षणी घर सोडलं असतं. चिमणी टेबलाशी परत आली, पट्टीवरून एक सालपट काढलं आणि ठोकलं.

"अजून."

पुढचे काही दिवस हेच चाललं. नवरा ड्युटीवर गेला, दुपार निवांत झाली की ती फळी हातात घ्यायची. ठोकायची. पडद्याआडून शब्द यायचा, तेवढाच, हलका, घाई नसलेला. सुरुवातीला तिला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस गेल्यावर त्याचा आवाज पुन्हा कानी पडावा, मग तो कुठूनही येवो.

पण शब्द एकच येत होता. बास येत नव्हतं. पट्ट्या झिजत चालल्या. फळी अंगठ्याखाली दबायला लागली. एका दुपारी तिने ती खिडकीशी धरली तेव्हा लाकडातून फिकट तांबूस उजेड आरपार आला आणि तिच्या तळहाताची सावली पलीकडून दिसली.

नवऱ्याने ते पाहिलं. "अगं, हे लाकूड आहे की पापुद्रा?"

"आत्या म्हणते अजून," तिच्या तोंडून निघून गेलं.

तो हसला नाही. पडद्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "आत्याच म्हणतात हे कशावरून?"

त्या प्रश्नाने तिची झोप उडवली. खरंच, कशावरून? एका शब्दावरून कोणाला ओळखायचं? आत्याचा आवाज असा होता का? की इतके दिवस ऐकून आता हाच आवाज आत्याचा वाटायला लागला होता? आणि आत जे कोणी होतं त्याला ही गिटार व्हायला हवी होती, की भिंतीवरच्या त्या गिटारीशेजारी दुसरी टांगायला हवी होती...?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फळी टेबलावर ठेवली आणि ठोकली नाही. पटाशीही घेतली नाही. ती पडदा सारून आत गेली, पदराने खुर्चीवरची धूळ झटकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या खुर्चीत ती जन्मात पहिल्यांदा बसत होती. वेत करकरलं. पाठीमागे पडदा आपल्या वजनाने परत जागेवर आला.

"मी ठोकणार नाही," ती भिंतीला म्हणाली. "काय करायचंय ते कर."

बाहेर शांत होतं. रस्त्यावरून एक सायकल गेली. मग बाहेरच्या खोलीत टेबलावरून काहीतरी हलकेच उचललं गेल्याचा आवाज आला.

टक. टक. टक.

मागे वळायचं नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पेराने ठोकलेला तो आवाज होता, हाडाचा, जरा कोरडा. टक. टक. ठोकणारा हात फळीच्या कडेकडेने फिरत होता. चिमणीने डोळे मिटले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि मग भीतीच्या पलीकडून तिला ते ऐकू यायला लागलं. फळी मधे गात होती. डावीकडे गात होती. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात मात्र आवाज दबलेला होता, तोंडावर हात धरून बोलल्यासारखा. इतके दिवस ठोकताना हे तिला एकदाही ऐकू आलं नव्हतं.

न ठरवता शब्द निघाला.

"अजून..."

ठोकणं थांबलं. वाट बघितली गेली. मग तिच्या लक्षात आलं की आता उठायचं तिनेच आहे. ती उठली, बाहेर आली. खोलीत कोणी नव्हतं, निलगिरीचा वास मात्र होता. तिने उजव्या कोपऱ्यातली पट्टी जराशी तासली, फळी टेबलावर ठेवली आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

टक. टक.

"अजून."

ती किती वेळा उठली आणि बसली, तिलाच आठवत नाही. शेवटी एकदा ठोकलं गेलं आणि तो दबलेला कोपरा मोकळा झाला. सगळी फळी एका श्वासात बोलली, आणि तो आवाज खोलीत, भिंतीत, वेताच्या खुर्चीत थोडा वेळ राहिला. चिमणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता एक केसभरही नाही. हे तिला ठाऊक होतं, आपला हात आपला आहे हे ठाऊक असावं तसं.

"बास," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "बास, आत्या."

बाहेर फळी टेबलावर ठेवली गेली. त्यानंतर काही आलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने सरस तापवला. पोट बंद करण्याआधी आतला भाग ओल्या फडक्याने पुसला, हवेचा पंप मारला, आणि फळी चिकटवून वर आवळणारे शिकंजे लावले. सरस वाळल्यावर फळीवरच्या गोल तोंडातून दांडीचा छोटा आरसा आत घालून टॉर्चने कोपरान् कोपरा पाहिला. कणभर भुसा नव्हता. पुढे मान बसवली, पॉलिश झालं, तारा चढल्या. तारांची पहिली ओढ बसली तेव्हा तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. फळी किंचित फुगली आणि तशीच राहिली.

सिस्टर आल्या तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. टेबलाशेजारच्या स्टुलावर त्या बसल्या, गिटार मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसता हात ठेवून राहिल्या. मग त्यांच्या अशक्त बोटाने तारेला जेमतेम स्पर्श केला.

गिटारने ओ दिली. भरून, गोल, अगदी जवळून. सिस्टरनी दचकून हात उचलला, स्वर तरी चालूच होता. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि वाजवायला लागल्या. जुनी कुठलीतरी चाल होती, अडखळत निघाली, मग चालायला लागली. चिमणी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या मनात आलं, मी हिचं पोट बंद केलं तेव्हापेक्षा हिचा आवाज मोकळा आहे. थोडासाच. पण आहे.

मधेच गिटारच्या पोटात काहीतरी सळसळलं. सिस्टर थांबल्या. "आत काही राहिलंय का गं?" त्यांनी गिटार उलटी करून हलवली. गोल तोंडातून लाकडाचं एक पातळ, वळलेलं सालपट त्यांच्या मांडीवर पडलं.

चिमणीने ते चिमटीत उचललं. ताजं होतं, लाकडाचा गोड वास अजून येत होता. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक चीर होती.

ती भिंतीकडे गेली आणि खिळ्यावरची लहान पटाशी काढून उन्हात धरली. धार सरळ होती, तिने लावली होती तशीच. खाच कुठेच नव्हती.

"काही चुकलं का?" सिस्टरनी घाबरून विचारलं.

"नाही हो सिस्टर," चिमणी म्हणाली. तिला हसू येत होतं. तिने पटाशी परत खिळ्याला अडकवली. "मी बास जरा लवकर म्हटलं होतं, एवढंच. वाजवा तुम्ही."

सिस्टर पुन्हा वाजवायला लागल्या. चिमणी त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पडद्याआडून कोणी बास म्हणतंय का याची वाट बघत राहिली. चाल संपून दुसरी सुरू झाली, तरी कोणी म्हणालं नाही.