न पाठवलेला मेसेज

रंजूच्या जुळ्यांचं तिच्या सासरी बारसं झालं ते साल दोन हजार पंचवीस. त्याच आठवड्यात रंजूची धाकटी बहीण गुंजन पवनीच्या घरात लॅपटॉपसमोर बसली होती, आणि मीटिंगमध्ये माइक बंद करायचा विसरली.

नागपूरच्या घनश्याम साहेबांचं बोलणं रंगात आलं होतं. तेवढ्यात तिचा बा, जागेश्वर, ओलं जाळं खांद्यावर टाकून नदीवरून आला आणि दारातूनच ओरडला, "गुंजे, मरळ आली वं! चुलीवर पाणी ठेव!"

पडद्यावरच्या छत्तीस जणांनी ते ऐकलं. गुंजनच्या कानापर्यंत रक्त चढलं. मग कोपऱ्यात एक ओळ उमटली, फक्त तिच्यासाठी...

"मरळ किती किलोची आहे हो?"

नाव होतं प्रितम. तोही घरूनच काम करायचा, पवनीहून तासाभरावरच्या शहापूरहून.

"कामाचं बोला," तिनं लिहिलं.

"कामाचंच बोलून राहिलो. आमच्या घरी तांदूळ हाये, मीठ हाये. मासाच नाई."

ती हसली. आणि हसता हसता तिनं बोटं कीबोर्डवरून उचलली.

त्याला कारण होतं. कंपनीचं हे बोलायचं, फायली ठेवायचं सॉफ्टवेअर सांभाळणं हीच तिची नोकरी. ते गावच्या पारासारखं, सगळे तिथंच येऊन बसायचे. पण पारावरचं बोलणं वाऱ्यावर जातं. इथलं एक अक्षरही जात नाही. एकदा वरून हुकूम आला, तेव्हा तिनंच एका माणसाचा पुसलेला मेसेज खालून उपसून दिला होता. त्या माणसाची नोकरी गेली. तेव्हापासून बोटं कीबोर्डवर ठेवली की तिला वाटायचं, मागं कुणीतरी उभं आहे.

म्हणून प्रितमशी ती लिहून काही बोलायचीच नाही. रात्री फोनवर बोलायची, आणि सुट्टीच्या दिवशी तो मोटरसायकलनं पवनीच्या घाटावर यायचा.

"तुह्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसला का मले जेवण जाते," तो म्हणायचा.

"अन् पिवळा झाला तं?"

"तं उपास."

"मंग बरा बारीक झाला नाई तू!" ती म्हणायची, आणि मान वळवून पाण्याकडे बघायची... कारण त्याच्याकडे बघितलं तर तो ओळखेल, याचीही भीती.

चार महिने असे गेले. ऑक्टोबरात जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची डागडुजी कायमची बंद होणार होती. चारशे मशिनींवर नवी चढवायची, तेही गुंजनच्याच गळ्यात. सिस्टिम म्हणजे तलावाची पाळ. पाणी दिसतं, मासे दिसतात, पाळ कुणी बघत नाही. फुटली की मग सारा गाव धावतो. तिला स्वप्नात पाळीला पडलेली भेग दिसायची.

अशातच प्रितम म्हणाला, "कंपनी मले पुण्याले बोलावते. मंगळवारी जबाब द्या लागते. लगन करून जाऊ... दोघंही. येशीन का?"

"तुह्या घरचे?"

"मायले सांगितलं. थे म्हणते, मासा साफ कराले शिकून घे, उगाच नाक नको कापू."

गुंजनला हसू आलं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाच्या छातीत मधूनच कळ यायची, आणि तरी तो डोंगा घेऊन नदीत निघायचा. आपण गेलो आणि इथं काही झालं तर?

"मंगळवारी सांगतो," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी मीटिंग होती. नागपूरच्या ऑफिसातल्या एका मशिनीवर नवी सिस्टिम चढताना सगळ्यांना दाखवायची होती. गोल चक्र फिरत होतं... एकसष्ट टक्के... बासष्ट. सारे वाट बघत बसलेले. गुंजनला वाटलं, तेवढ्यात लिहून तर बघू. न पाठवलेलं कुठं साठत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं प्रितमची चौकट उघडली आणि लिहिलं —

"हाव, प्रितम. पण बाले काही झालं तं? मले लय भेव वाटते."

साहेब खोकले. "गुंजन... तुझी स्क्रीन आम्हा सगळ्यांना दिसते आहे."

तिनं झाकण आपटलं. फोन बंद केला. नोकरी गेली, अब्रू गेली, आणि जे शब्द अजून तिचे तिलाच पटले नव्हते ते छत्तीस जणांनी वाचले.

खोलीतल्या कापडी पडद्यामागून बा म्हणाला, "काय झालं वं? त्या शहापूरवाल्यानं काही म्हटलं का?"

"तुले कसं ठाऊक?"

"मधात पडदाच तं हाये. चार महिने आयकून राहिलो. दुसऱ्यांशी बोलतेस तं मास्तरीण वाटतेस. त्याच्याशी बोलतेस तं तुही माय वाटतेस."

तिला रडू फुटलं. "मी गेली तं तुले कोण पायीन, बा?"

"आतापरेंत नदीनं पायलं. तुह्या भेवाचं वझं माह्या डोंग्यात नोको टाकू, बाई. डोंगा लहान हाये."

दीड तासानं मोटरसायकल दारात थांबली. प्रितमचा शर्ट घामानं चिंब होता.

"फोन काहून बंद? मले वाटलं..."

"वाचलं ना?"

"साऱ्यांनीच वाचलं. साहेब म्हणाले, चक्र शंभरावर गेलं, आता तू जा पवनीले. पण मले तोंडानं आयकाचं हाये."

"हाव," ती म्हणाली. इतक्या हळू, की तिलाच नीट ऐकू आलं नाही.

"अन् भेव?"

"तसाच हाये."

"मलेही हाये. चाल, दोघं मिळून भेऊ."

मार्गशीर्षात पवनीला लग्न झालं आणि दोघं पुण्याला गेले. रोज सकाळी सात वाजता गुंजन बाला फोन लावायची. रिंग वाजत राहायची तेवढा वेळ प्रितम तिचा हात धरून बसायचा. "बोल वं," असा आवाज आला की मग दोघं चहा ठेवायचे.

अकरा फेब्रुवारी दोन हजार सव्वीस, बुधवारी सकाळी, गुंजनचा बा, जागेश्वर मारबते, पवनीला आपल्या अंगणात वारला. वय चौसष्ट होतं.