पवनचक्कीवरचा लॅपटॉप

“बंद पडत नाही हो. झोपतो... आणि मग उठत नाही.”

जळगावात लीलाधरभाऊंच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मी कामासाठी जुनी मशीन बघत होते. शेजारून हे वाक्य कानावर आलं आणि मी वळले. उन्हाने रापलेला एक तरुण काउंटरपाशी उभा होता. छातीशी लॅपटॉप धरलेला, आजारी माणसाला दवाखान्यात आणावं तसा.

“झाकण मिटल्यावर होतं?” मी विचारलं.

“हो.”

“दिवा चालू, पण स्क्रीन काळाच?”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला कसं माहीत?”

“महिनाभर मी तेच शोधतेय.”

आमची कंपनी जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देते. तिचा गाभा म्हणजे कर्नल. झाकण मिटलं की तो आतल्या प्रत्येक भागाला झोपवतो आणि उघडलं की एकेकाला उठवतो. हे नीट होतं का, ते तपासणं माझं काम. या मॉडेलच्या तक्रारी येत होत्या, पण माझ्यासमोर एकही मशीन अडत नव्हतं.

“मला द्याल हा?”

“कसा देणार? रोज लागतो.” त्याचं नाव प्रेमराज पाटील, राहणार धुळे. साक्रीकडच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करायचा. “वर चढून बसलो की हा उठत नाही. जबरदस्तीने बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, तोवर घेतलेली मोजणी गेलेली. साहेब म्हणतात, असंच चाललं तर दुसरा माणूस बघतो.”

“रविवारी?”

“रविवारी सुट्टी असते,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “लॅपटॉपला. मी सोबत आलो तर चालेल ना?”

तो आला. आमच्या घरी पुढच्या खोलीत मी माझा प्रोग्रॅम लावला. लॅपटॉप दिवसभर झोपत होता, उठत होता. एकदाही अडला नाही.

“इथे फार शहाण्यासारखा वागतोय,” मी म्हणाले.

“मीसुद्धा.”

मी मान खाली घालून कीबोर्डकडे बघत राहिले. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “पाहुणे शेवभाजी खातात का?”

असे बरेच रविवार गेले. मी शनिवारीच पुढची खोली आवरू लागले. तो पठारावरच्या गोष्टी सांगायचा. वर वारा कसा धक्के देतो, ढगांची सावली गावांवरून कशी सरकते. मी ऐकायचे आणि मध्येच लॅपटॉपकडे बघायचे. बघायला हवं म्हणून.

एका रविवारी मी म्हटलं, “वर जाताना नक्की काय करता, ते जसंच्या तसं करून दाखवा.”

तो उठला. सॅकमधून एक पिवळी वायर काढून लॅपटॉपला लावली, झाकण मिटलं, दोन्ही सॅकमध्ये कोंबलं आणि भिंतीपाशी हवेतल्या शिडीवर चढू लागला. आई दारातून तोंडाला पदर लावून बघत होती.

“थांबा. ती वायर कसली?”

“चक्कीला जोडायची. काढून ठेवली की हरवते, म्हणून कामावर लावलेलीच असते. इथे चक्की नाही म्हणून इतके दिवस सॅकबाहेर काढली नाही.”

मी सॅकमधून लॅपटॉप काढून झाकण उघडलं. दिवा चालू, स्क्रीन काळा.

मला हसू आवरेना. उठताना कर्नल त्या वायरला हाक मारत होता आणि उत्तराची वाट बघत बसत होता. बाकीचे भाग त्याच्यामागे ताटकळत. झोपेत वायरची वीज गेलेली, उत्तर येणार कुठून?

“म्हणजे... सापडलं?” त्याने विचारलं.

“सापडलं.”

तो आनंदी दिसला नाही. “दुरुस्तीला किती वेळ लागेल?”

महिना, असं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याची नोकरी त्यावर होती. “फार नाही. बुधवारपर्यंत पाठवते.”

“बरं,” म्हणून त्याने सॅक उचलली.

दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: उत्तराची वाट बघू नकोस, वायर नव्याने सुरू कर. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे वाऱ्याचा घोंघाट.

“उठला. वायर लावलेली होती, तरी उठला.”

“छान. आता हे सगळ्यांसाठी पाठवते. दोष ज्याने कळवला, त्याचं नाव देण्याची रीत असते. मला तुमचं नाव लावायचंय.”

पलीकडे नुसता वारा.

“हॅलो?”

“हे असं फोनवर नका विचारू. मी चक्कीच्या टोकावर उभा आहे.”

मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं. कान गरम झाले. “कर्नलमध्ये लावायचंय हो.”

“एवढंच?”

“सध्या... एवढंच.”

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, “मुलगा चांगला आहे. पण आपण बौद्ध, ते पाटील. त्याच्या घरी चालेल का, ते आधी विचार. नंतर रडू नको.”

रविवारी तो लॅपटॉप न घेता आला. बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, “गेल्या रविवारीच आबांना, म्हणजे वडिलांना, तुमच्याबद्दल सांगितलं. सगळंच सांगितलं. मला तुम्ही आवडता, हेही.”

“मग?”

“आधी बोलणंच टाकलं. मी आपला रोज समोर जेवायला बसायचो. काल रात्री ताटावरून वर न बघता म्हणाले, ‘पोर काय काम करस?’ मी सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, ‘एकदाव घर लई ये तिले.’”

“आबांनी घरी बोलावलंय, ते कळलं. तुमचं काय?”

“माझं तर मी त्यांच्यासमोरच बोललोय, संघमित्रा.”

मी आत जाऊन आईला सांगितलं, आजच धुळ्याला जाऊन येते. तिने माझ्या ओढणीची घडी नीट केली आणि म्हणाली, “संध्याकाळच्या आत ये.”

धुळ्याच्या बसमध्ये खिडकीची जागा त्याने मला दिली. भीती वाटत होती. आबा काय विचारतील, मी काय बोलेन... एरंडोलच्या आधी त्याने विचारलं, “हात धरू?”

“विचारतोस काय?” मी म्हणाले.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. कंडक्टर दोनदा शेजारून गेला. आम्ही हात सोडला नाही.